वाचकांचे प्रश्न : जॅक उचलतो, घोडी पेलते

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये गाडी उचलण्याविषयीची पत्रे इतकी निघाली की हा अंक त्याच एका विषयाला द्यावा असे ठरवले. कापूस, सोयाबीन आणि संत्र्याची वाहतूक सुरू झाली की पिकअप आणि मेटॅडोर रोज ओझ्याखाली असतात. ब्रेकचे लायनर संपतात, स्प्रिंगचे पाटे तुटतात, आणि तालुक्याच्या गॅरेजपर्यंत जायला सवड नसल्यामुळे काम घरच्या अंगणात किंवा वावराच्या कडेला होते. घरी काम करण्यात काही गैर नाही. ते कोणत्या जमिनीवर आणि कशाच्या भरवशावर होते, एवढीच माझी काळजी आहे. पत्रे जागेअभावी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

माझ्याकडे पिकअप आहे. मागचे लायनर बदलण्यासाठी वावराजवळच्या मोकळ्या जागेत ट्रॉली जॅकने गाडी उचलत होतो. जॅकची चाके मातीत रुतली, गाडी किंचित सरकली आणि जॅक निसटला. मी खाली नव्हतो. आता उचललेली गाडी टेकवायला लोखंडी स्टँडची जोडी विकत घेतली आहे. काळ्या मातीवर ती कशी लावावी? खाली विटा ठेवल्या तर चालतील का? (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

आपण खाली नव्हता हे वाचून आधी हायसे वाटले. विटांचे उत्तर लगेच देतो : नाही, कधीही नाही. बाकीच्या उत्तराला थोडी जागा लागेल, कारण आपला जॅक का निसटला हे नीट कळले तर पुढचे बरेचसे काम आपसूक सोपे होते.

ट्रॉली जॅकला चाके असतात ती केवळ ओढून नेण्याच्या सोयीसाठी नसतात. या जॅकचा हात मागच्या बाजूला एका खिळीवर फिरतो, त्यामुळे तो वर जाताना सरळ उभ्या रेषेत न जाता कमानीत जातो. हाताच्या टोकावरची दातेरी बशी जसजशी वर चढते, तसतशी ती हँडलच्या दिशेने थोडी मागे येते, आणि गाडी जागची हलत नसल्यामुळे तेवढे अंतर जॅकला स्वतः गाडीखाली पुढे सरकावे लागते. पक्क्या फरशीवर चाके आपोआप फिरतात आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मातीत चाके रुतली की जॅकला सरकता येत नाही, मग एक तर गाडी जॅककडे ओढली जाते, नाही तर बशी एक्सलवरून, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसावरून, घसरते. आपल्याकडे आधी गाडी ओढली गेली आणि मग बशी घसरली, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

आपली काळी माती या कामाला फार फसवी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाले की वरचा थर उन्हाने टणक होतो, त्यावरून चालताना पाय रुतत नाही, म्हणून जमीन पक्की वाटते. पण खाली वीतभरावर ओल तशीच असते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. अर्धा इंच जाडीची लोखंडी सळई उभी धरून अंगाचा भार टाकून दाबा. ती वीतभर आत गेली तर ती जागा गाडी उचलण्याच्या कामाची नाही, तिथून गाडी हलवा. उन्हाळ्यात सळई आत जाणार नाही, पण तेव्हा भेगा पाहा. भेगेच्या काठावर ठेवलेला भार कड तोडून खाली जातो.

ज्यांना वर्षातून पाच-सहा वेळा असे काम करावे लागते, त्यांनी घराजवळ एक कायमची जागाच करून घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वरची काळी माती काढून टाकावी, मुरूम पाणी मारून चांगला ठोकून बसवावा आणि त्यावर सहा इंच काँक्रीट करून ते २८ दिवस पाणी खाऊ द्यावे. माल वाळवायला तीच जागा खळे म्हणून उपयोगी पडते. हे लगेच शक्य नसेल तर निदान लाकडी फळ्या तरी हव्यातच. घोडीखाली, म्हणजे आपण ज्याला स्टँड म्हणता त्याखाली, दीड फूट लांब-रुंद आणि दोन इंच जाड सागवानी किंवा बाभळीची फळी ठेवावी. जॅकखाली तीन फूट लांबीची तशीच फळी आणि तिच्यावर जाड लोखंडी पत्रा ठेवावा, म्हणजे जॅकच्या चाकांना फिरायला सपाट जागा मिळते. फळीला चीर, गाठ किंवा वाळवी नसावी. प्लायवूडचे जुने तुकडे किंवा दरवाजाची पातळ फळी इथे चालत नाही.

फळीने किती फरक पडतो याचा हिशेब आपण स्वतःच करून पाहा. समजा एका घोडीवर ९०० किलो भार आहे आणि तिच्या चार पायांचे मिळून ४० चौरस सेंटीमीटर जमिनीला टेकते, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २२ किलोपेक्षा जास्त दाब येतो. तीच घोडी ४५ सेंटीमीटर लांब-रुंद फळीवर ठेवली तर भार सुमारे २,००० चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. माती तीच, गाडी तीच, आणि फरक जवळजवळ पन्नास पटींचा.

आता विटांविषयी. वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक किंवा फरशीचा दगड भार सोसतो तोवर सोसतो, पण मोडताना आधी सूचना देत नाही. लाकूड कुरकुरते, दबते, वाकते आणि आपल्याला बाजूला व्हायला क्षणभर तरी देते. वीट मात्र आतल्या आत तडकते आणि एकदम भुगा होते. ब्रेकच्या कामात तर हे आणखी वाईट, कारण गंजलेला ड्रम सहज निघत नाही, त्यावर हातोडा चालतो आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा एक्सलमधून खालच्या आधारापर्यंत पोहोचतो.

जमीन जमली की कामाचा क्रम असा ठेवावा. गाडी सपाटीवर, सरळ चाकांनी उभी करून माल पूर्ण उतरवावा. मागचा भाग उचलायचा असल्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा ढिले करावेत, कारण गाडी हवेत असताना लांब पाइप लावून नटावर जोर देणे म्हणजे स्वतःच गाडी घोडीवरून ढकलणे आहे. मग जॅक मागच्या एक्सलखाली मधोमध घ्यावा, पण एक्सलच्या मधल्या फुगीर भागाच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, पातळ पत्र्याच्या झाकणाखाली नव्हे, तर जिथे ओतीव जाड लोखंड आहे तिथे. ते जमत नसेल तर एकेक बाजू थोडी-थोडी उचलावी. उचलताना चार बोटे उचलले की थांबून जॅक सरळ आहे का ते वाकून पाहावे. घोड्या एक्सलच्या नळीखाली, पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या जवळ, दोन्हीकडे सारख्या उंचीवर लावाव्यात. ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल एक्सलवरूनच जाते, ती घोडीच्या डोक्याखाली चिरडत नाही ना ते बोटाने चाचपून घ्यावे. पाट्यांचे काम असेल तेव्हा मात्र घोड्या चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, लागतात, म्हणजे एक्सल मोकळा लोंबतो. त्यासाठी उंच घोडी घ्यावी लागते, ठेंगण्या घोडीखाली भर घालून उंची वाढवू नये.

नंतर जॅक सावकाश उतरवून पूर्ण भार घोड्यांवर येऊ द्यावा आणि बाहेर उभे राहून गाडीला बाजूने चांगले धक्के द्यावेत. आपल्या धक्क्याने पडेल अशी गाडी आपण खाली गेल्यावर पडण्यापेक्षा आत्ताच पडलेली बरी. धक्के देऊन झाले की पुन्हा घोड्यांचे पाय पाहावेत. एखादा पाय बोटभर जरी खाली गेला असेल तर सगळे उतरवून जागा बदलावी. शेवटी जॅक एक्सलला नुसता टेकेल इतका वर आणून तिथेच राहू द्यावा आणि काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे.

हे चाक सरकवण्याचे लोकांना कंटाळवाणे वाटते, म्हणून माझा एक अनुभव सांगतो. उमेदीच्या काळात मी ज्या गॅरेजमध्ये शिकत होतो, तिथे अंगण डांबराचे होते. मे महिन्याची दुपार होती. सकाळी आठ वाजता आम्ही एक मेटॅडोर घोड्यांवर घेतली तेव्हा डांबर दगडासारखे होते. दुपारी दोनच्या सुमारास मी पाना घ्यायला बाहेर आलो आणि मागे काहीतरी जड टेकल्याचा आवाज झाला. वळून पाहिले तर एका घोडीचे दोन पाय मऊ झालेल्या डांबरात चार बोटे रुतले होते, घोडी कलली होती आणि चासी खाली ठेवलेल्या चाकावर टेकली होती. टायर एका बाजूने दबून फुगला होता, पण त्याने गाडी धरून ठेवली होती. ते चाक उस्तादांनी मला शिव्या देऊन ठेवायला लावले होते. नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा डांबरालाही काळ्या मातीसारखेच वागवावे आणि खाली फळी घ्यावी.

स्टँडवर "३ टन" असे लिहिले आहे. ते एका स्टँडचे की जोडीचे? शिवाय गावातला वेल्डिंगवाला पाइपचे स्टँड निम्म्या पैशात करून देतो म्हणतो. (आर्वी तालुका, जि. वर्धा)

काही कंपन्या एका नगाची क्षमता लिहितात आणि काही जोडीची, म्हणून पेटीवरचा किंवा पट्टीवरचा मजकूर नीट वाचावा. स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो आकडा जोडीचा आहे असे धरून चालावे, म्हणजे ३ टनांत एका घोडीच्या वाट्याला दीड टन.

गाडीचे वजन आरसी पुस्तकात लिहिलेले असते. रिकाम्या गाडीचे वेगळे आणि मालासकटचे वेगळे. पण आपल्याला प्रत्यक्षात एका एक्सलवरचा भार हवा असतो. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर गाडी गेली की फक्त मागची चाके काट्यावर घेऊन एकदा वजन पाहून ठेवा आणि ते डॅशबोर्डच्या आत लिहून ठेवा. फळी, दोर, ताडपत्री आणि मागे बसवलेला लोखंडी जाळीचा पिंजरा यांचे वजन आरसी पुस्तकात नसते, काट्यावर मात्र ते येते. त्या भाराच्या दीडपट तरी क्षमता घोड्यांच्या जोडीची असावी. दोन एक्सलचा मोठा ट्रक असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. चार टायरच्या एका एक्सलवर आपल्याकडे २०१८ पासून ११.५ टनांपर्यंत भार कायद्याने चालतो. तीन टनांच्या ट्रॉली जॅकने आणि पिकअपच्या घोड्यांनी असा ट्रक उचलायला जाऊ नये; त्याला मोठा बॉटल जॅक, त्याच तोडीच्या घोड्या आणि पक्के काँक्रीट लागते.

वेल्डिंगवाल्याच्या हाताविषयी मला अनादर नाही. नांगर, पेरणी यंत्र, ट्रॉली हे सगळे त्याच हातांनी उभे राहते. परंतु घोडीचा जोड आतून किती भरला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि तिची चाचणी घेण्याचे साधन त्याच्याकडे नसते. कारखान्यात बनलेल्या मालातही चूक राहते : २०२० साली अमेरिकेत एका विक्रेत्याला लाखो घोड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण त्यांतल्या काहींची, वर-खाली होणाऱ्या दांड्याला अडवून धरणारी खिटी त्याच्या दात्यात नीट बसत नव्हती आणि भार आला असता दांडा एकदम खाली येऊ शकत होता. म्हणून विकतची घोडी घेतानाही खिटी वर-खाली करून प्रत्येक दात्यात ती पूर्ण बसते का ते पाहावे, आणि शक्य तर दात्याबरोबरच आरपार पिन असणारी घोडी घ्यावी. पिन हरवली तर त्या जागी सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट घालू नये.

पैसे खरोखरच कमी असतील तर पाइपच्या घोडीपेक्षा लाकडाची चौकट मी पत्करीन. जुन्या बंडीचे किंवा घराच्या आढ्याचे चार इंच जाड, सारख्या लांबीचे लाकूड घ्यावे, दोन तुकडे जमिनीवर समांतर आणि त्यांच्यावर दोन आडवे असे रचावे, टोके चार-चार बोटे बाहेर राहू द्यावीत आणि रचलेल्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. ही चौकट ओबडधोबड दिसते, पण ती कलत नाही.

हँडब्रेक ओढलेला होता, गाडी गिअरमध्ये होती, तरी मागचे एक चाक उचलताच मेटॅडोर पुढे सरकली. भाताच्या बांधीकडे उतरणारा थोडा उतार होता. हे कसे झाले? (मूल तालुका, जि. चंद्रपूर)

हा प्रश्न पाठवल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण अनेक जाणत्या चालकांनाही याचे उत्तर ठाऊक नसते आणि गिअरवर त्यांचा आंधळा विश्वास असतो.

गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन मागच्या एक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, धरून ठेवते, चाकांना नव्हे. शाफ्ट आणि चाके यांच्यामध्ये डिफरन्शियल असते, आणि त्याचे कामच असे की वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे. दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर शाफ्ट थांबला की दोन्ही थांबतात. पण एक चाक हवेत गेले की त्याला कशाचाच अटकाव उरत नाही. मग शाफ्ट स्थिर असतानाही जमिनीवरचे चाक पुढे फिरू शकते आणि हवेतले चाक तेवढेच उलट फिरते. आपल्या डोळ्यांनी हे पाहायचे असेल तर गाडीची मागची दोन्ही चाके घोड्यांवर पक्की असताना गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलट्या दिशेने फिरताना दिसेल.

काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकही मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो, त्यामुळे त्याचीही हीच गत होते. आपल्या गाडीचा कुठे आहे ते केबलचा माग काढून पाहा. चाकांवर असला तरी जमिनीवर उरलेल्या एकाच चाकाचा ब्रेक गाडी धरतो, आणि त्याचे लायनर झिजलेले असतील तर तोही धरत नाही. मागची दोन्ही चाके उचलली तर पुढच्या चाकांना धरणारे काहीच उरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावणे हाच खरा ब्रेक आहे, आणि गिअर व हँडब्रेक ही त्याला दिलेली जोड आहे. ठोकळा पाचरीच्या आकाराचा, टायरच्या रुंदीइतका असावा. गोल दगड टायरबरोबर गडगडतो. आणि उतारावर, तो कितीही थोडा असो, गाडी उचलूच नये. बांधीकडचा उतार डोळ्याला दिसत नाही, म्हणून गाडीजवळ पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्या.

माझा जॅक उचललेली गाडी दहा मिनिटांत दोन-तीन बोटे खाली सोडतो. ऑइल कमी झाले म्हणून घरात होते ते ब्रेक ऑइल घातले, तर आता आणखी लवकर बसतो. (वरुड तालुका, जि. अमरावती)

ब्रेक ऑइल घातले तिथे नुकसान झाले. जॅकमधले रबरी सील खनिज तेलासाठी बनवलेले असतात. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचे असते आणि त्याने हे रबर फुगून मऊ पडते. आता ते सगळे ओतून काढा, सीलची पूर्ण किट बदलून घ्या आणि हायड्रॉलिक जॅकचे तेलच भरा. भरताना जॅकचा हात पूर्ण खाली असावा आणि तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच यावे. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून हँडल दहा-पंधरा वेळा मारा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकला असेल तरी जॅक असाच हळूहळू बसतो, म्हणून उघडला आहे तर तेही धुऊन घ्या. जॅकवर जास्त भार येऊ नये म्हणून कारखान्यात बसवलेला एक छोटा स्क्रू असतो, त्याला हात लावू नका.

आपल्या प्रश्नातून एक गोष्ट सर्वांनीच लक्षात घ्यावी असे वाटते. अगदी कालच आणलेल्या, न गळणाऱ्या जॅकमध्येही गाडीचा संपूर्ण भार तेलावर आणि ते तेल अडवणाऱ्या बांगडीएवढ्या रबरावर असतो. ते रबर आतमध्ये आहे, त्याची झीज आपल्याला दिसत नाही, आणि ते फाटते तेव्हा दहा मिनिटे लावत नाही. दोन मिनिटांचे काम, नुसता एक बोल्ट आवळायचा, एवढेच म्हणून जॅकच्या भरवशावर खाली सरकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या अंत्ययात्रेलाही मी गेलो आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा डाला हायड्रॉलिकने उचलून खाली ग्रीसिंग करतो. इथेही घोडी लागते का? (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

लागते, आणि जॅकपेक्षा जास्त लागते, कारण उचललेला डाला फक्त एका पाइपातल्या तेलावर उभा असतो. पाइप फुटला, किंवा ट्रॅक्टरवर चढलेल्या एखाद्या मुलाचा हात लिव्हरला लागला, तरी डाला खाली येतो. डाला रिकामा करून उचलावा, डाला आणि खालची चासी यांच्यामध्ये जाड लोखंडी टेका उभा करून त्याच्यावर डाला किंचित टेकवावा, ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घ्यावी आणि मगच हात आत घालावा. काही ट्रॉल्यांना असा टेका बसवलेला असतो. नसेल तर आधी तो बसवून घ्या. नुसते उभे लाकूड लावू नका, ते निसटते.

माझे पती रात्री शेतातून आल्यावर अंगणात एकटेच मेटॅडोरखाली काम करतात. मला त्यातले काही कळत नाही, आणि बोलले तर ते म्हणतात की तू आत जा. मुलेही आसपास असतात. मी काय करू शकते? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण आत जाऊ नका. गाडीखाली काम करणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर दुसरे मोठे माणूस असणे ही भित्रेपणाची गोष्ट नाही, गॅरेजमध्येही तो नियमच असतो, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

गाडीतले काही कळत नसले तरी पाहण्यासारख्या गोष्टी बाहेरूनच दिसतात. जमिनीवरच्या चाकांना ठोकळे आहेत का. गाडी घोड्यांवर आहे की नुसत्या जॅकवर. घोड्यांखाली फळी आहे की विटा-दगड. काढलेले चाक गाडीखाली सरकवले आहे का. यातले एक जरी ठीक नसेल तर त्यांना हाक मारून बाहेर बोलवा. मुलांना अंगणाबाहेर ठेवा, विशेषतः केबिनमध्ये चढू देऊ नका. रात्रीचे काम बॅटरीच्या उजेडात न करता दिवा टांगून करायला सांगा, कारण रुतलेला पाय किंवा कललेली घोडी अंधारात दिसत नाही. दिवसभर कापूस भरून थकलेल्या माणसाने तेच काम सकाळी सहाला केले तर अधिक चांगले, हेही सांगून पाहा.

अनर्थ झालाच तर काय करायचे तेही सांगतो, कारण त्या वेळी विचार करायला सवड नसते. आधी १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याला करायला लावा. ती रुग्णवाहिका मोफत असते. चार माणसे जमवून हाताने गाडी एका बाजूने उचलू नका, ती दुसऱ्या अंगाला सरकते. फळीवर जॅक ठेवून गाडी थोडी-थोडी उचला, प्रत्येक दोन बोटांना चासीखाली लाकूड सरकवत चला, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी परत खाली येणार नाही. भार निघाल्यावर माणूस बोलत असला, उठून बसतो म्हणाला, तरी त्याला झोपवूनच ठेवा आणि दवाखान्यात न्या. पोटातली आणि छातीतली दुखापत बाहेरून दिसत नाही. किती वेळ दबलेला होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि यासाठी जॅक आपल्याला चालवता यायला हवा. बहुतेक जॅकमध्ये हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून घट्ट केले की व्हॉल्व्ह बंद होतो आणि हँडल मारले की हात वर चढतो. उलट दिशेला फिरवले की तो उतरतो. दिवसा, पती जवळ असताना, आधी रिकाम्या जॅकवर हे करून पाहा. मग गाडीखाली कोणी नसताना तिची एक बाजू चार बोटे उचला आणि हँडल अगदी पाव फेरा सोडून ती खाली घ्या. दोन-तीनदा केले की किती फिरवल्यावर गाडी किती वेगाने उतरते, हे आपल्या हाताला कळेल.